फळी रिकामी

डोंगराच्या पोटात बोगदा खणायचं काम चाललं होतं, आणि बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत एक लाकडी फळी टांगलेली होती. फळीच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे रंगवलं होतं 'आत', उजवीकडे 'बाहेर'. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला उजवीकडून काढून डावीकडच्या खिळ्याला लावायचा, बाहेर आला की परत उजवीकडे. सुरुंग उडवण्याआधी डावी बाजू मोकळी पाहिजे. तिथे एक जरी बिल्ला लटकत असेल, तर खुद्द मालक आला तरी बार उडवायचा नाही, असा नियम होता. ड्रिल चालवणारे फळीला यमाची हजेरी म्हणत आणि खो खो हसत. हसणाऱ्यांचं काय जातं!

फळी सांभाळायला एक बाई होती. सगळे तिला फळीवाली म्हणत. तिचे वडील, अप्पा, याच बोगद्यात ब्लास्टर, म्हणजे सुरुंग भरून उडवणारे, होते आणि याच बोगद्यात गेले. त्यांच्या जागी मुलीला काम दिलं हो आम्ही, असं कंपनी चारचौघांत सांगे. बाप जिथे मेला तिथेच पोरीला दिवसभर बसवायचं, आणि वर उपकार!

अप्पा कसे गेले, ते आधी सांगायला हवं. सुरुंग भरून झाले होते, माणसं बाहेर आली होती. एका तारेच्या जोडाची शंका आली म्हणून अप्पा पुन्हा आत गेले. स्फोटाच्या पेटीची चावी त्यांच्याच खिशात. ब्लास्टर आत असताना कुणाला बार उडवता येऊ नये, म्हणूनच ती त्याच्या खिशात असते. पण इंजिनिअर साहेबांनी अडीनडीला म्हणून दुसरी एक चावी करून घेतली होती, आणि साहेबांना घाई होती. चौकशीवाले आले, चहा प्याले आणि म्हणाले, अप्पांचा बिल्ला तर 'बाहेर'च्या बाजूला होता. म्हणजे म्हातारा बिल्ला न बदलता आत घुसला. चूक त्याचीच. दुसऱ्या चावीचं कुणी नावही काढलं नाही.

हे मात्र फळीवालीच्या जिव्हारी लागलं होतं. बाप गेला त्याचं दुःख होतंच, पण बाप निष्काळजी होता हे ऐकून घेणं तिला मरणाहून वाईट वाटे. कारण हा माणूस घरी आला की स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोपी अडकवून आधी म्हणायचा, "बिल्ला बाहेर!" मगच पाणी मागायचा. तिच्या जन्मापासून एक दिवस चुकला नव्हता. असा माणूस बिल्ला विसरेल? अप्पा विसरले नव्हते, एवढं एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं, याच्यासाठीच ती त्या टपरीत दिवस काढत होती.

आता ब्लास्टर होता तिचा नवरा. अप्पांनीच त्याला तयार केलेला. कातळात सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांपैकी मधल्यांनी आधी उडून जागा करायची, मग कडेच्यांनी यायचं. दारात सगळ्यांनी एकदम गर्दी केली तर कुणीच बाहेर पडत नाही, हे त्याला सासऱ्यांनी शिकवलेलं. त्या दुपारी त्याने भोकं भरली, तोंडं मातीने ठासून बंद केली, तारा ओढत बाहेर आणल्या आणि पेटीशी बसून हाक दिली, "फळी?"

तिने शेवटचा बिल्ला उजवीकडे अडकवला. डावी बाजू रिकामी झाली. "फळी रिका..." म्हणत ती वळली आणि तिची नजर परत गेली.

डावीकडे एक बिल्ला लटकत होता.

तो हलत होता. नुकताच कुणीतरी अडकवून हात काढावा तसा. त्याच्या कडेने पाण्याचा थेंब लोंबत होता, बोगद्याच्या छतातून गळतं तसलं गढूळ पाणी. बिल्ल्याची एक कड झिजून धारदार झालेली. अप्पा त्या कडेने नखांतली ठासायची माती काढत बसायचे. तो बिल्ला चौकशीवाले घेऊन गेले होते, तो कुणी परत दिला नव्हता.

टपरीत गोडसर वास पसरला. जिलेटिनच्या कांड्यांचा. त्या वासाने नवख्या माणसाचं डोकं फुटायची वेळ येते. म्हणून अप्पा सुट्टीच्या दिवशीही कांडीवरचा कागद टोपीच्या आतल्या पट्टीत ठेवायचे. सवय मोडली की डोकं उठतं, म्हणायचे. तिने बिल्ल्याला बोट लावलं. पितळ कोमट होतं, आणि कपाळात कुणी पहार घातल्यासारखं तिचं डोकं ठणकायला लागलं.

"अगं, फळी?" नवऱ्याने पुन्हा विचारलं.

"थांबा..." ती म्हणाली. "आत माणूस आहे."

नवरा धावत आला. बिल्ला पाहिला. "मामांचा..." एवढंच म्हणाला; सासऱ्यांना तो मामा म्हणे. पण होता अप्पांच्या हाताखालचा. पेटीशी परतला, तिच्यावरच्या तारा सोडवल्या, त्यांची दोन्ही टोकं एकमेकांना पिळून बांधली म्हणजे कुठून वीज शिरायला नको, आणि चावी मुठीत घट्ट धरली.

तेवढ्यात साहेब आले. "बार का अडलाय?"

"डावीकडे बिल्ला आहे, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी कुणाचा म्हणून विचारलं नाही, नंबर पाहिला नाही. सरळ हात लांबवला, दोन बोटांनी बिल्ला उचलला आणि रेघेपलीकडे नेऊन उजवीकडच्या खिळ्याला अडकवला. बोलता बोलता माशी हाकलावी, तितक्या सहज.

"झाली रिकामी. विसरतात हो लोक. त्या म्हाताऱ्याच्या वेळीही असाच राहिला होता लटकत..."

  बाहेर उभे असलेले ड्रिलवाले टपरीच्या दाराशी सरकले.

"हात सवयीचा दिसतो तुमचा," फळीवाली म्हणाली.

तिला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. अप्पांनी बिल्ला लावला होता. मन हलकं होईल असं तिला इतके दिवस वाटत होतं. कसलं हलकं? 

साहेब लाल झाले. "नाही ती सोंगं आणता होय रे? आत कुणी नाही! मी स्वतः जाऊन दाखवतो, मग बघतो एकेकाकडे." आणि बॅटरी घेऊन तरातरा बोगद्यात शिरले. बिल्ला लावला नाही, कारण साहेबांना बिल्लाच नव्हता. बिल्ले कामगारांना. साहेबलोक कधी मरतात का?

बॅटरीचा उजेड वळणाआड गेला. फळीची डावी बाजू स्वच्छ रिकामी होती. नियमाने आत कुणीही नव्हतं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नवऱ्याच्या मुठीकडे. दोघांच्या मनात एकाच वेळी काय आलं, ते दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही मान खाली घातली. ती अप्पांची मुलगी होती. ती बोगद्याच्या तोंडाशी गेली आणि जीव काढून ओरडली, "साहेब, माघारी या! भोकं भरलेली आहेत!"

आतून उत्तर आलं. पण साहेबांचं नाही. खोल, शांत, घरी आल्यासारखं कुणीतरी म्हणालं, "बिल्ला बाहेर..."

आणि जमीन हादरली. आधी मधली भोकं, मग एका लयीत कडेची. अगदी अप्पा लावायचे तसा नेमका बार.

धूर निवल्यावर लोकांनी पाहिलं, तारांची टोकं अजून एकमेकांना पिळलेली होती. एक चावी नवऱ्याच्या मुठीत, तिचे दाते तळव्यात रुतून रक्त आलेलं. दुसरी साहेबांच्या खिशात, आत. चौकशीवाले आले, चहा प्याले. साहेब बिल्ला न लावता आत गेले, चूक त्यांचीच, असं ठरलं. शब्द तेच, फक्त माणूस बदलला.

अप्पांचा बिल्ला उजवीकडेच राहिला, कोरडा. तिने तो घरी नेऊन टोपीच्या खिळ्याला अडकवला. तो तिथून परत हलला नाही.

पण फळीवर दुसरंच सुरू झालं. रोज बार उडवायच्या वेळी सगळी माणसं बाहेर येतात, सगळे बिल्ले उजवीकडे जातात, आणि डावीकडे एक उरतो. नवा कोरा. नंबर नसलेला, तसला बिल्ला कंपनीने कधी पाडलाच नव्हता. ओला असतो, आणि थरथरत असतो, जसं कुणी आतून फळीला धरून हलवतंय. पहिल्या दिवशी ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. बोगद्यातून काही ऐकू येतंय असंही तिला वाटलं. विनवणी असावी.

"फळी?" नवरा हाक देतो.

ती दोन बोटांनी तो बिल्ला उचलते, रेघेपलीकडे नेऊन अडकवते आणि म्हणते, "फळी रिकामी!"

सुरुवातीला डोकं फार ठणकायचं. आता फक्त सुट्टीच्या दिवशी ठणकतं.