चाळिसावं लायसन्स

त्या रविवारी दुपारी मी फक्त लायसन्स मोजायला गेले होते. अर्ध्या तासाचं काम. सोमवारी हेल्पडेस्कच्या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण होतं, आणि किती लायसन्स वापरात आहेत हा आकडा कंपनीला कळवायचा होता. दारावरचे मामा पेपर वाचत बसले होते. मला बघून म्हणाले, "रविवारी पण? तुम्हा बहिणींना घरी करमतच नाही." मग त्यांना आठवलं. त्यांनी मान खाली घातली आणि पेपराचं पान उगाचच उलटलं.

आमचा हेल्पडेस्क म्हणजे इस्पितळाच्या तळघरातली एक खोली. खिडकी नाही. छतावरून पाण्याचे जाड पाइप गेलेत, वर कुणी नळ सोडला की डोक्यावरून कुणीतरी चालत गेल्यासारखा आवाज येतो. ही खोली आम्ही दोघींनी उभी केली, ताईने आणि मी. बंद पडलेला दिवा असो, अडकलेली लिफ्ट असो, इस्पितळातली प्रत्येक तक्रार आमच्याकडे तिकीट म्हणून येते. ताईने अकरा वर्षांत एकही तिकीट विसरलं नाही. मी हे बहीण म्हणून सांगत नाही. सर्जनसुद्धा आधी तिला फोन करायचे, मग तंत्रज्ञाला.

ताईला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. रक्ताचा आजार, सहा आठवड्यांत सगळं संपलं. मी कामावर परतले त्या दिवशी पहिलं काम केलं ते तिचं खातं बंद करण्याचं. लायसन्स चाळीसच होती, आणि मुख्य अ‍ॅडमिन मी. माझ्याशिवाय कुणाला ते करताच आलं नसतं.

आमच्याकडे ज्याच्या नावावर लायसन्स, त्यालाच तिकीट उघडता येतं, त्याची निकड ठरवता येते, ते बंद करता येतं. बाकीचे फक्त तक्रार टाकू शकतात. लाल निकडीचं तिकीट आलं तर सगळी कामं सोडून पळायचं. पूर्वी लाल बटण सगळ्यांना होतं. पंखा आवाज करतो म्हणूनही लोक लाल दाबायचे. शेवटी मी ती परवानगी काढून लायसन्सवाल्यांपुरती ठेवली. त्यावरून ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. "पंखेवाल्यांपायी तू सिस्टरचा हात बांधलास," एवढंच म्हणाली होती.

तर मी यादी उघडली. वापरात असलेली लायसन्स एकोणचाळीस असायला हवी होती. एक मी नवजात कक्षाच्या सिस्टरसाठी राखून ठेवलं होतं. आकडा होता चाळीस.

नावं वाचत खाली आले. शेवटचं नाव ताईचं होतं. शेजारी हिरवा ठिपका. म्हणजे आत्ता, या क्षणी, कामावर हजर.

वाटलं, बॅकअपमधली जुनी यादी परत चढली असेल. असं होतं कधीकधी. मी तिचं खातं बंद केलं, नाव करडं झालं, आकडा एकोणचाळीसवर आला. उठून पाणी प्यायले. परत बसते तो चाळीस.

लॉग उघडला. कोणी काय बदललं ते त्यात मिनिटासकट लिहिलेलं असतं. तीन वाजून चौदा मिनिटं, खातं पुन्हा चालू. करणाऱ्याचं नाव… माझं. तीन चौदाला माझ्या हातात पाण्याचा पेला होता.

डोक्यावरचे पाइप तेव्हा गप्प होते. खोलीत कसला तरी वास यायला लागला होता. निलगिरीच्या तेलाचा. शेवटच्या महिन्यात ताईच्या रुमालाला यायचा तो.

मी पुन्हा खातं बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली. अकरा वर्षांत ती मला कधी दिसली नव्हती, कारण ती मीच इतरांसाठी लिहून ठेवली होती.

"हा बदल करण्याचा तुम्हाला अधिकार नाही."

आणि तेवढ्यात तिकीट आलं. लाल. पाठवणारी ताई, ज्याच्याकडे सोपवलं ती मी. मजकूर इतकाच.

"धाकटे, नवजात कक्ष. चार नंबरची पेटी. पळ."

मला धाकटे म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मी पळाले. लिफ्टची वाट बघितली नाही, तीन जिने चढले. नवजात कक्षात रविवारी एकच सिस्टर असते. ती आतल्या खोलीत दुसऱ्या बाळाला नळीने दूध देत होती. बाहेर बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या ओळीने मांडलेल्या. सगळं शांत.

"सिस्टर, चार नंबर!"

"काय झालं?" म्हणत ती आली आणि पेटीवर हात ठेवताच तिने तो झटकन मागे घेतला. आतलं बाळ लालबुंद झालं होतं. रडतही नव्हतं. सिस्टरने पेटी उघडली, बाळाला उचललं, मी भिंतीतला प्लग ओढला. धावत आलेल्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं. मग ते पोर असं काही किंचाळलं की सिस्टर मटकन खाली बसली.

"आणखी दहा मिनिटं…" डॉक्टर म्हणाले आणि थांबले. "तुम्हाला कळलं कसं?"

"तिकीट आलं."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. "मी सकाळी टाकलं होतं. चार नंबरचा गजर वाजत नाही म्हणून. पण मला लाल करता येत नाही ना… म्हटलं, उद्याच बघतील."

ती मला बोल लावत नव्हती. तेच जास्त लागलं.

खाली आले तेव्हा लाल तिकीट बंद झालेलं होतं. बंद करताना कारण लिहावं लागतं, हा ताईचाच नियम. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "यंत्र बिघडलं. आणि परवानगी चुकीच्या हातात होती."

खरं सांगते, माझा ऊर भरून आला. मरणसुद्धा जिला कामावरून काढू शकलं नाही, ती माझी सख्खी बहीण. मी तिथल्या तिथे सगळ्या सिस्टरना लाल बटण परत दिलं. मग रिकाम्या खोलीत मोठ्याने विचारलं, "ताई… तुझी जागा नवजातच्या सिस्टरला देऊ?"

पाइपांतून पाणी वाहत गेलं. हिरवा ठिपका विझला. आकडा एकोणचाळीस झाला. मी काहीही दाबलं नव्हतं.

ते लायसन्स आज त्या सिस्टरच्या नावावर आहे. ते बाळ आता चालायला लागलंय, आईचं बोट सोडून पळतं.

गोष्ट इथेच संपली असती तर मी तुला ती हसत सांगितली असती. पण सोमवारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, एक्केचाळीसचं कागदपत्र पाठवतोय."

"एक्केचाळीस? आमची चाळीस आहेत."

"काल दुपारी तुमच्या ऑफिसातून फोन होता ना. वयस्कर बाई होत्या. खोकत होत्या जरा. म्हणाल्या, एक वाढवा, आमच्यात एक माणूस येणार आहे."

"नाव… काय सांगितलं?"

"नाव रिकामं ठेवा म्हणाल्या. वेळ आली की भरू."

मी ते रद्द करून बघितलं. तीनदा. मला तो अधिकार नाही, असंच येतं. वर्षभर यादीतली ती एक्केचाळिसावी ओळ तशीच रिकामी होती. ताईने कुणाला बोलावलं तर कामात चोख असणाऱ्यालाच बोलावणार, एवढी मला तिची खात्री आहे. त्या यादीत आपलं नाव असावं असं वाटण्याइतकी मी अभिमानीही आहे…

पण परवा सकाळी त्या ओळीत नावाचं पहिलं अक्षर उमटलंय. आमच्या विभागात त्या अक्षराची तीन माणसं आहेत. एक मी. एक रात्रपाळीचा तंत्रज्ञ.

आणि तिसरी तू.