हंटरची काच

हंबीररावाला अर्धवट काम बघवत नसे. कुपवाडच्या एका कारखान्यात तो पंपांना रंग मारी, आणि पंपाची जी बाजू उभ्या जन्मात कुणाच्या नजरेला पडणार नाही, तीही घासूनपुसून रंगवी. बरोबरची माणसं चेष्टा करत, "दादा, ह्यो पंप हिरीत जायाचाय, लग्नात न्हाई." तो ऐकून घेई आणि वर आणखी एक हात मारी.

तेव्हा कपाटावरचं ते विमान त्याला सात वर्षं टोचत होतं, यात नवल नाही.

विमान प्लॅस्टिकचं. सुटे भाग चिकटवून, रंग देऊन हुबेहूब हंटर हे लढाऊ विमान तयार करायचं, अशी ती विलायती पेटी. हंबीररावाचा धाकटा भाऊ कृष्णात हवाई दलात खरंखुरं हंटर चालवायचा. एकाहत्तर साली गणपतीत तो सुट्टीवर आला, तेव्हा सांगलीच्या या खोलीत बसून त्याने पंख, पोट आणि शेपूट जोडलं होतं. तेवढ्यात बोलावणं आलं. निघताना तो बायकोला, सुलाबाईला म्हणाला, "पायलट मी आल्यावर बसवीन. दुसऱ्या कुणी त्येच्यावर काच लावायची न्हाई बरं का." डिसेंबरात त्याचं विमान सरहद्दीपलीकडे गेलं आणि परत आलं नाही. त्याचा पत्ता लागला नाही, की विमानाचा एक पत्राही कुणाला सापडला नाही.

आता एकोणऐंशीचा उन्हाळा होता. साताऱ्याजवळच्या गावी त्यांचे वडील, आकारामआबा, दम्याने अंथरुणाला खिळले होते. हंबीरराव भेटायला गेला की एकच धोशा.

"माज्या डोळ्यादेखत पोराचं कार्य हू दे. त्येचा जीव वाऱ्यावर हाय रं."

देह नाही, तर दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि माहुलीच्या संगमावर त्याला अग्नी द्यायचा, असं भटजींनी सांगितलं. दिवसही ठरला. मुलगा नव्हता, म्हणून अग्नी भावाने द्यायचा. त्या दिवशी सुलाबाईचं कुंकू पुसलं जाणार होतं.

"दादा, माजं मन न्हाई म्हनतंय," ती सांगलीच्या घरी चुलीपाशी बसून म्हणाली. "त्ये हायती."

खरं सांगायचं तर हंबीररावालाही हे एकदाचं संपायला हवं होतं. सात वर्षं दाराची कडी वाजली की घरात सगळ्यांचे हात जागीच थांबत. भावावर त्याचा जीव होता, पण त्या थांबण्याला तो विटला होता.

कार्याच्या दिवशी फोटोशेजारी विमान ठेवू, असं मनाशी धरून त्याने ते खाली काढलं. वरून करडे-हिरवे पट्टे आणि पोटाला फिका राखी रंग दिला. पाण्यात भिजवलेल्या कागदावरून तिरंगी चकत्या अलगद सरकवून पंखांवर बसवल्या. शेवटी पायलट उरला. मुगाच्या दाण्याएवढं डोकं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, दोन्ही हात मांड्यांवर. अगदी बारीक ब्रशाने हंबीररावाने त्याचे हातमोजे पांढरे केले.

"पायलट बसवू नगासा," दारातून सुलाबाई म्हणाली.

"आगं, एवढ्यासाठी काम अर्धं ठिवू व्हय?"

त्याने पायलट चिकटवला, वर काच बसवली, जोडाच्या फटीत लुकण भरून घासलं आणि रंग दिला. जोड कुठे होता ते त्याचं त्यालाही सापडेना. आपल्याच हातावर तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच आतून धुरकटली होती. पायलटच्या तोंडासमोर, तेवढ्यापुरतीच.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. चिकटवायच्या द्रावणाची वाफ कोंडली की प्लॅस्टिक पांढुरकं होतं, हे रंगखात्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण एकदा आलेला तो डाग कायमचा राहतो. हा दुपारी नव्हता. संध्याकाळी पुन्हा होता.

रविवारी तो विमान खिडकीत ठेवून समोर बसला. बाहेर ऊन रणरणत होतं, दोरीवरचं धोतर कडक वाळलं होतं. हवेत ओल नावाला नव्हती. शेजारी उपडा ठेवलेला काचेचा पेला कोरडा ठाक होता.

काचेवर धूसर ठिपका उमटला. पसरला. विरला. थोड्या वेळाने पुन्हा उमटला.

हंबीररावाने स्वतःचा श्वास रोखला. ठिपका येतच राहिला.

"दादा, ह्ये काय?" सुलाबाई मागे कधी येऊन उभी राहिली, ते त्याला कळलं नव्हतं.

"वाफ हाय. चिकटवल्याची."

"त्ये तर कवाच वाळलं." ती काचेवरून नजर काढेना. "आबांस्नी थांबवा. तुमी सांगितलं तर ऐकत्याल. न्हाईतर त्ये झाकन तरी उघडा."

"आता काढाय गेलं तर समदंच फुटंल."

थांबवा म्हणजे काय सांगायचं? धाप लागलेल्या म्हाताऱ्याला प्लॅस्टिकच्या विमानाची गोष्ट सांगायची? लोक शेण घालतील तोंडात. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाज त्याहून जास्त वाटत होती. त्याने विमान उचलून परत कपाटावर ठेवलं.

गावी जाताना एस.टी.त सुलाबाईने विमान पदराखाली मांडीवर धरलं होतं.

कार्याच्या दिवशी ती घरी आबांपाशी थांबली. पुरुष माणसं संगमावर गेली. दर्भाचा पुतळा हलका होता, एका हाताने उचलता येण्यासारखा. सूर्य माथ्यावर आला तेव्हा हंबीररावाने अग्नी दिला. दर्भ भरकन पेटला. मग नारळ तडकला.

ऊन कलताना तो घरी आला. ओसरीवर सुलाबाई विमान घेऊन बसली होती. कपाळावर कुंकू तसंच होतं.

"उनं डोक्यावर येस्तवर चालू व्हतं," ती म्हणाली. "मग लय जोरात सुरू झालं. समदी काच भरली, आतलं काय दिसंना. मी उघडाय बघितलं, दादा. नखं लावली, इळी लावली. जोडच घावंना."

तिच्या बोटांना रक्त लागलं होतं.

"मग?"

"मग थांबलं."

आतून आबांचा आवाज आला. "झालं का रं सगळं नीट?"

"झालं आबा."

त्याने विमान उजेडात धरलं. काचेवरची वाफ विरली होती. पायलट जागच्या जागी, समोर बघत, हात मांड्यांवर.

उजव्या हातमोज्यावर रंग नव्हता. खालचं प्लॅस्टिक उघडं पडलं होतं.

आणि काचेला, आतल्या बाजूने, एकाच जागी, पांढरे ओरखडे होते.