दोन्ही दरवाजे

ही घटना खरी आहे. हेटीने ती मला एकदाच सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज कापत होता. भीतीने नव्हे, संतापाने.

इंग्लंडमधला ग्रँड युनियन कालवा. जुलैमधली ती जीवघेणी उष्णतेची लाट. भर दुपार.

वारा मेला होता. काठावरचे गवत वाळून पांढरे पडले होते. पाणी आपल्याच चिखलात खाली खाली बसत चालले होते.

'कर्ल्यू' ही हेटीच्या वडिलांची लांब, अरुंद मालवाहू नाव. हेटीचे घर तेच. आणि सुकाणूवरच्या धाकट्या भावाने, रॉयस्टनने, शेवटचे लॉक चढताच ती गोदीत विकायचे परस्पर ठरवून टाकले होते.

लॉक म्हणजे पाणी भरून नाव वरच्या पातळीला चढवणारा, पुढेमागे दरवाजे असलेला हौद. हे लॉक दोन नावांच्या रुंदीचे. दुष्काळात ते एकट्या नावेसाठी कुणी भरत नाही. जोडीदार येईपर्यंत थांबायचे, ही कालव्याची रीत. रॉयस्टन थांबला नाही.

"एकट्यासाठी एवढं पाणी नासतोस?" झडपा उचलायची लोखंडी किल्ली हातात घेतलेली हेटी काठावरून बोलली. "आई असती तर ही किल्ली हाणली असती टाळक्यात."

"आई नाही. आणि तिची लाडकी 'लिनेट'ही नाही. कुणाच्या तरी शेगडीत गेली."

'लिनेट' म्हणजे कर्ल्यूची जोडीदार. इंजिन नसलेली, मागून दोराने ओढायची. तिचे सुकाणू आईने जन्मभर सांभाळले. रॉयस्टनने ती जळाऊ लाकडाच्या भावात विकली, आणि आई त्याच हिवाळ्यात गेली.

हेटीने दातओठ खात मागचे दरवाजे लोटले. पुढच्या दरवाज्यातली झडप किल्लीने वर उचलली. पाणी उसळत आत आले.

एकटी नाव अशा वेळी भिंतींवर आपटते. कर्ल्यू मात्र...

हललीच नाही.

दुसऱ्या अंगाने कुणीतरी तिला घट्ट टेकून उभे असावे, तशी ती संथपणे वर येत राहिली.

मग करकर ऐकू आली... ओल्या लाकडी सुकाणूची.

हेटीने वाकून पाहिले. कर्ल्यूच्या शेजारचे पाणी रिकामे होते. वर लखलखीत ऊन होते. त्या पाण्यावर मात्र...

लांबलचक सावली पडली होती.

ठक. ठक. ठक.

आई चिडली की बोलत नसे. केबिनच्या छपरावर पाण्याचा डबा आपटायची.

"हेटी, दरवाजा उघड." रॉयस्टनच्या तोंडचे पाणी पळाले होते. "लवकर उघड, बाई."

लॉक भरले. पुढे दोन दरवाजे, पण एका नावेला एक पुरतो. तिने एक उघडला. इंजिन गुरगुरले, धूर ओकू लागले. कर्ल्यू तसूभरही सरकली नाही.

हेटीला कळले. ती पलीकडे गेली आणि दुसऱ्याही दरवाज्याचा काठावरचा लांब दांडा पाठीने रेटून तो उघडला.

कर्ल्यू निघाली. तिच्या मागच्या टोकावर वेटोळे घालून ठेवलेला दोर आपोआप सुटत गेला... आणि ताणला. दुसरे टोक पाण्यापासून हातभर वर, हवेत थांबले होते.

वरच्या झोपडीतून लॉकचा नवा रखवालदार टोबिन घाम पुसत बाहेर आला.

"जोडीने आलात, बरं केलंत. एकट्याला सोडणार नव्हतो आज." त्याने मागे पाहून रॉयस्टनजवळ आवाज खाली आणला. "मागच्या नावेवरच्या आजींना सावलीत बसवा हो. फार तापल्यात. मघापासून तुमच्याकडेच बघतायत."

रॉयस्टनने सुकाणू सोडले, काठावर उडी मारली आणि रस्त्याला लागला. गोदी समोर दिसत होती. नाव विकली गेली नाही. तो पुन्हा कालव्यावर आलेला नाही.

हेटीचा राग अजून गेलेला नाही. त्या दुसरीचाही नसावा.

गेल्या उन्हाळ्यात मी हेटीच्या मदतीला गेलो होतो. सवयीने एकच दरवाजा उघडला, तशी ती सुकाणूवरून खेकसली, "दुसरा कोण उघडणार, तुझा बाप?"

मी उघडला. कर्ल्यू बाहेर पडली. मी दरवाज्याच्या दांड्याला पाठ लावून तो बंद करू लागलो, तेवढ्यात हेटीने हात वर केला.

"थांब जरा. ती अजून आत आहे."

लॉकमध्ये एकही नाव नव्हती. पाठीखालचे लाकूड मात्र कुणीतरी पलीकडून ढकलावे तसे हळूहळू माझ्यावर येत होते...