वारा आपटतो त्या काठाला

ओपलला क्रॅपी मासळी हवी होती, म्हणून त्या सकाळी आम्ही रीलफूट तळ्यात होडी लोटली. ओपल माझी धाकटी बहीण, आजाराने अंथरुणाला खिळलेली. आठ दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. आदल्या दिवशी मात्र ती आपणहून म्हणाली, मक्याच्या पिठात तळलेली क्रॅपी असेल तर दोन घास खाईन. तिचा नवरा डॉयल तसाच तळ्यावर धावला आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतला.

सगळेच तसे परतत होते. तीन दिवस दक्षिणेचा वारा होता आणि जो तो दक्षिण काठाच्या आडोशाला, संथ पाण्यात गळ टाकून बसत होता. मी शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. मासे थोडे पकडले, पण वाऱ्याच्या नोंदी एकतीस वर्षं ठेवल्या. वारा सलग वाहिला की पाण्यातले सूक्ष्म जीव समोरच्या काठाला लोटले जातात, त्यांच्यामागे बारकी मासळी जाते आणि तिच्यामागे क्रॅपी. म्हणजे मासे उत्तरेला, लाटा आपटतात तिथे असणार. हे मी डॉयलला चाचरतच सांगितलं.

"मास्तर, एकतीस वर्षं हे वहीत घालून काय उबवत होतास?" तो म्हणाला.

आमचं तळं म्हणजे भूकंपात बुडालेलं जंगल. पाण्याखाली सगळीकडे बुंधेच बुंधे. निम्म्या वाटेवर होडीच्या मोटारीचा पंखा एकावर आदळला, त्याची पिन तुटली आणि तो फिरेना. जादा पिन डॉयलने कालच वापरली होती. मी वल्ही घेतली. इथली वल्ही बिजागरीची असतात; बुंधे दिसावेत म्हणून वल्हवणारा पुढे तोंड करून बसतो. मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

उत्तर काठाला लाटा फुटत होत्या. डॉयलने गळाची लांब काठी पुढे केली, आमिष बुंध्याजवळ सोडलं. दोरा ताणला! क्रॅपीचे ओठ कागदासारखे, हिसडा दिला की फाटतात. त्याने हळूच उचलली. मग दुसरी. मग तिसरी! दोन तासांत तेरा मासे. ते त्याने तारेच्या टोपलीत घालून, टोपली दोरीने होडीच्या मागे बांधून पाण्यात सोडले. आयुष्यात प्रथमच माझं काही बरोबर ठरलं होतं.

आणि वारा पडला. वायव्येचं आभाळ काळंनिळं झालं. मला वाटलं, टोपली आत घ्यावी. नाहीतर ती बुंध्यात अडकेल. मी अर्धवट तसं बोललोही.

"मेलेली मासळी ओपलच्या ताटात नाही वाढायची," डॉयल म्हणाला. त्याला तळ्याची पन्नास वर्षं ठाऊक होती, मला पुस्तकं. मी वल्ही उचलली आणि होडी परतीला वळवली.

वारा उलटा फिरून अंगावर आला. बर्फासारखा गार! लाटा मागून चढू लागल्या. डॉयल डब्याने पाणी उपसत होता. अचानक होडी जागीच थांबली. मी वल्ही मारली. हलेना! पाणी घोट्यांवर आलं, मग पिंढऱ्यांवर. पुढचं टोक बुंध्यावर चढलंय असं समजून मी पुढेच बघत राहिलो, जीव खाऊन ओढत राहिलो. मागे डॉयल काहीतरी पुटपुटला. आणि होडी सुटली!

काठाला लागेपर्यंत मी आनंदातच होतो. उतरून मागे पाहिलं. दोरीचं कापलेलं टोक वाऱ्यावर हलत होतं. डॉयलच्या हातात सुरी अजून उघडीच होती.

"टोपली मुळांत अडकली होती," तो म्हणाला. "चार वेळा ओढली, मास्तर."

दोघांचे प्राण वाचले होते. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

घरी आमची चाहूल लागताच ओपलने डोळे उघडले. मिळाली का, विचारलं.

"तेरा," डॉयल म्हणाला. "मास्तर म्हणाला तिथेच."

तिने आमचे भिजलेले कपडे पाहिले, मग रिकामे हात. "तेरा साफ कोणी केल्या असत्या?" ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दादा, वहीत लिही." आणि भिंतीकडे वळली. त्या संध्याकाळी तिने पाणीही घेतलं नाही.

मी वही उघडली. तारीख लिहिली. वारा तीन दिवस दक्षिणेचा, मग वायव्येचा. जागा उत्तर काठ, बुंध्यांजवळ. मासे किती, या रकान्यापाशी पेन थांबलं.

तो रकाना अजून कोरा आहे.