भिंतीतला चिंतामणी

"रावसाहेब, माझ्या नवऱ्यावर मेलेला माणूस साक्ष देतोय," असे म्हणत सुभद्रा नीलकंठराव फणश्यांच्या ओसरीवर बसली, आणि संताजीचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

संताजी धारच्या पागेतला निवृत्त चाबुकस्वार. घोड्याची खोड तो लांबून ओळखी, पण भुताचे नाव काढले की त्याची भंबेरी उडे. नीलकंठराव त्याच्या अगदी उलट. उमेदीची वर्षे तारखात्यात घालवून आता ते लोकांची कोडी सोडवत बसले होते.

"नीट सांग," ते म्हणाले.

सुभद्राचा नवरा तुकाराम देवासला चिंतामणी गडकरकडे मिस्त्री होता. चिंतामणी उडते यंत्र बनवत होता. कळकाची चौकट, मलमलीचे पंख, आणि पंखांना वरून व खालून ताणून धरायला काळे रोगण लावलेल्या पोलादी तारा. पंधरवड्यापूर्वी तो यंत्रात बसून माळावरच्या टेकाडावरून उडाला. झाडाइतका उंच गेला आणि पंख वरच्या बाजूला मिटून खाली कोसळला. जागीच गेला.

"मग खालच्या तारा खरवडून बघितल्या, तर काळ्या रोगणाखाली तांबं. टेलिफोनची तार. तिची शिल्लक गुंडाळी ह्यांच्या ताब्यात. ठाणेदार म्हणतो, पोलाद विकलं आणि तांबं लावलं. परवा हाकिमासमोर उभं करणार. फाशी होईल म्हणतात सगळे."

"आणि मेलेला माणूस?"

"सांजेला हवा चली की त्यांच्या घराची भिंत कण्हते. चिंतामणीभाऊ न्याय मागतात म्हणे."

संताजीने पोह्यांची बशी खाली ठेवली.

देवासला दोघे आधी माळावरच्या छपरीत गेले. तिथून गावातल्या घरापर्यंत चिंतामणीने स्वतः टेलिफोनची तार ओढली होती. खांबाखांबांतून ती सैल झोळ देत गेली होती. छपरीत त्याचा भागीदार फत्तेसिंग मोडक्या पंखापाशी बसला होता.

"भिया, पैलं उड्डाण माझं ठरलं होतं," तो म्हणाला. "त्यावरून भांडणही झालं. पण मी हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो, तो उड्डाणाच्या सकाळीच परतलो. यंत्र आदल्या दिवसापर्यंत घरीच होतं, अंगणात. वहिनी मलमल शिवत होत्या."

"त्या सकाळी पंख लोंबत होते?"

"छे. एकदम ताठ. चिंतामणीने घरी तसा टेलिफोनही केला."

नीलकंठराव कोपऱ्यातल्या तांब्याच्या गुंडाळीपाशी वाकले. कुंभारीण माशीने तिच्यावर मातीचे घर बांधले होते. जुने, वाळून खडखडीत झालेले, आणि तारेच्या सगळ्या वेढ्यांवर सलग.

गडकरांच्या घरी पोचेस्तोवर दिवस कलला होता. वारा सुटला आणि अंगणाकडची भिंत खरोखरच कण्हू लागली. लांब, खोल, घसा बसलेल्या माणसाचा आवाज. संताजीच्या अंगावर सरसरून काटा आला. गच्चीखाली, जिथे तार भिंतीला येऊन मिळत होती, तिथून पांढऱ्या चुन्यावर तांबूस ओघळ उतरला होता.

"अवकाळी पाऊस झाला त्या दिवसापासून आहे," चिंतामणीची बायको लतिका दारातून म्हणाली. "मोलकरीण म्हणते, रक्त. मी पुसत नाही."

"टेलिफोन कधी बिघडला होता?"

"यंत्र माळावर नेलं त्याच्या आधल्या दिवशी. मलमल झाली हे ह्यांना छपरीत कळवायचं होतं, पण दुपारभर घंटीच लागेना. दिवेलागणीला आपोआप सुरू झाला, जरा बारीक ऐकू येई इतकंच."

"घरात कोण होतं?"

"घंटी लागेना तशी मी आतल्या खोलीत जाऊन पडले. मामंजी वर गच्चीवर, नेहमीसारखे."

संताजी भिंतीपासून जमेल तितका लांब उभा राहून वर बघत होता. "रावसाहेब, इतर ठिकाणी तार सैल आहे. गच्चीपासून पहिल्या खांबापर्यंत मात्र लगाम खेचल्यासारखी."

"शाबास," नीलकंठराव म्हणाले. संताजीला कळले नाही की शाबासकी कशाबद्दल.

मामंजी म्हणजे चिंतामणीचे वडील बापूसाहेब. दरबारच्या बांधकामात हयात गेलेली. ते त्याच भिंतीला पाठ लावून बसले होते.

"मी पहिल्या दिवसापासून नको म्हणत होतो," ते म्हणाले. "एकुलता एक. ऐकला नाही."

"तुकारामने केलं असं वाटतं?"

"हाकीम ठरवील."

"त्या सकाळचा टेलिफोन कुणी घेतला?"

"मी. पंख सरळ आहेत म्हणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठरावांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावले.

"तुकारामच्या गुंडाळीवर कुंभारणीचं घर अभंग आहे," त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे तांबं तिथून निघालं नाही. मग दुसरीकडे तांब्याची तार कुठे आहे? टेलिफोनच्या लाइनीत. ती दुपारभर मुकी होती. कुणीतरी गच्चीपासून पहिल्या खांबापर्यंतचं तांबं काढलं, काळं रोगण फासून यंत्राला लावलं आणि यंत्रातलं पोलाद इथे जोडलं."

"कशावरून?" फत्तेसिंगने विचारले.

"जोडासाठी रोगण खरवडावं लागतं. उघडं पोलाद पावसात गंजतं. तांबं हिरवं पडतं, तांबूस ओघळ सोडत नाही. शिवाय तुकडे जेमतेम पुरले, म्हणून तार ताणून बांधावी लागली. ताठ पोलाद वाऱ्यात गातं आणि भिंत ते मोठं करते. भिंतीत कुणी नाही, लतिकाबाई."

लतिकाने मान खाली घातली. ते ऐकून तिला बरे वाटले असे संताजीला दिसले नाही.

"फत्तेसिंग तेव्हा हाटपिपल्याला. तुकारामजवळ तांब्याची गुंडाळीच होती, त्याला ही लाइन कापायचं कारण नव्हतं. ज्याच्यापाशी दुसरी तारच नव्हती, त्यानेच हे केलं. आणि त्याला खून करायचा नव्हता. खुन्याने वरखाली कुठलीही तार कापली असती. याने मऊ तार घातली, फक्त खाली. का? छपराचा भार खालचे टेकू घेतात, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. खालच्या तारा मऊ पडल्या की पंख जमिनीवरच लोंबतील आणि उड्डाण राहील, असा हिशेब."

बापूसाहेबांचे डोळे मिटले होते.

"पण जमिनीवर पंख वरच्या तारांना लटकतात, बापूसाहेब. ते ताठच राहिले. हवेत मात्र भार खालून येतो. तेव्हा खालच्या तारा ओढ घेतात. त्या लांबल्या आणि पंख वर मिटले."

बापूसाहेबांनी डोळे उघडले.

"दोनदा शिडी लावली, ती तार उतरवायला," ते म्हणाले. "हात चालला नाही. तेवढाच त्याचा आवाज राहिला होता. तुकारामचं लेकरांबाळांचं घर आहे, हे रोज मनात येई. रोज गप्प बसलो."

लतिकाने प्रथमच मान वर केली. "मामंजी, पंख सरळ आहेत असं ते म्हणाले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"वाटलं, माझी युक्ती फसली. म्हणजे यंत्र धड आहे. सांगायची लाज वाटली." त्यांनी बाजूची पगडी मांडीवर घेतली. "'बरं' म्हणालो."

त्यांनी पगडी घातली आणि फत्तेसिंगचा हात धरून ते ठाण्याची वाट चालू लागले. तुकाराम संध्याकाळच्या आत घरी पोचणार होता. सुभद्राला ते सांगायला नीलकंठराव बाहेर पडले.

संताजी मागे रेंगाळला. वारा सुटला, भिंत कण्हली. पोलाद आहे, वारा आहे, हे त्याला आता पाठ झाले होते. तरीही त्याच्या अंगावर काटा आलाच. लतिका टेलिफोनपाशी गेली. पलीकडे छपरीत कुणी नव्हते. तिने घंटी फिरवली नाही, नुसता कर्णा कानाला लावला.

"उडू नका," ती हळूच म्हणाली, आणि कर्णा जागच्या जागी ठेवला.