पाच वीसला थांबलेले रंग

ही गोष्ट खरी आहे. ललितसमोर काढली की तो आजही उठून बाहेर जातो.

आचलचं, ललितच्या मावसबहिणीचं, लग्न झालं ते २०२३ साल. लग्न वैशाखात झालं आणि भाद्रपदात तिच्या वडिलांना, देवमन यांना, लकवा मारला. वाचा गेली.

आचलनं कॉलेजात असताना घरच्या कॉम्प्युटरवर एक चित्र बनवलं होतं. फ्रॅक्टल म्हणतात त्याला. नक्षीत नक्षी, तिच्या पोटात पुन्हा तीच नक्षी. चित्र जागचं हलत नाही, त्यातून फक्त रंग वाहतात.

भातकुलीच्या घरी देवमन ते रंग बघत पडून राहायचे. रंग वाहत असले की श्वास शांत. बंद केले की धाप.

दिवाळीच्या तोंडावर कॉम्प्युटर बिघडला. देवमनच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, तो अकोल्याला भाच्याकडे पाठवला. ललितचं जठारपेठेत लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे. त्यानं तो चालू केला, पण परत पाठवायचा राहिला होता.

तीन नोव्हेंबरला सकाळी दुर्गाबाई मावशीचा फोन आला.

"ललित, तुह्या काकाले अमरावतीले दवाखान्यात आणलं. मास्क ओढून फेकून राहिले. डॉक्टर म्हणते, धाप नाही थांबली तं कठीण हाय. थे रंग काकाच्या मोबाईलवर पाठव ना बापा!"

ललितनं रंगांचा प्रत्येक बदल वेगळा उतरवला, ओळीनं जोडला. आठ तासांचा व्हिडिओ बनवायला लावला.

अकरा वाजता फाईल तयार झाली. लांबी... सहा तास वीस मिनिटं.

"शांत झाले रे," मावशी म्हणाली. "पण रातभर पुरला पाह्यजे. मंघा बोट लागून बंद पडला, तं तेवढ्यात निळे पडले. लोकायच्या पंगती चार-चार घंटे दाखवतं, अन् मावशीच्या वक्तालेच हात आखडता?"

त्यानं बारा तास लावले. एक वाजता फाईल आली.

चार तास वीस मिनिटं.

त्यानं शेवट उघडून बघितला. रंग वाहत होते. मग काळोख. आणि काळोखात...

आवाज.

त्यानं आवाज टाकलाच नव्हता. तरी ऐकू आला. काचेच्या बांगड्या फुटल्याचा.

बाईच्या बांगड्या कधी फोडतात, हे ललितला ठाऊक होतं.

पुन्हा लावलं. चोवीस तास. तीन पन्नासला फाईल आली. दीड तास.

त्यानं कागदावर बेरीज केली. तिन्ही फायली एकाच वेळी संपत होत्या.

पाच वीसला.

त्यानं कॉम्प्युटरला हात जोडले. पुन्हा लावलं. मशीनचा पंखा कधीचाच थांबला होता... रंग मात्र वाहत होते.

पाच वाजता फाईल आली. वीस मिनिटं.

पाठवली आणि फोन लावला.

"मावशी, काकाचा हात धर. सोडू नको."

"धरलाच हाय. काहून रडून राहिला तू? पाह्य ना, कसे लेकरावानी पडले हायेत."

तो फोन कानाला लावून बसला. घड्याळाकडे बघत. पाच अठरा. पाच एकोणीस...

फोनमध्ये बांगड्या फुटल्या.

"मावशी?"

मग नर्सचा आवाज.

"आजी! अहो आजी, उठा!"

मावशी स्टुलावरून खाली कोसळली होती. देवमनसमोरचा मोबाईल काळा पडला होता. देवमन त्या काळ्या मोबाईलकडे बघत होते... आणि त्यांचा श्वास शांत चालू होता.

देवमन आजही आहेत. संध्याकाळ झाली की भिंतीकडे बघत पडून राहतात. रंग पुन्हा कुणी लावले नाहीत. कॉम्प्युटर ललितकडेच आहे, पोत्यात बांधलेला. विकवत नाही, फेकवतही नाही.

दुर्गाबाई गेल्या. शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०२३, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी.