शेजारणीचे केस

यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही. तरी सांगतो, कारण हे इथंच, पॅरिसमध्ये, आमच्याच गल्लीत घडलंय. आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी, पेरीन. ओदिल, हसू नकोस. पेला भर.

क्रांतीचा तो उन्हाळा. चौकात रोज गिलोटिन चालायचं. कुणाला "महाशय" म्हटलं की तुम्ही राजाच्या बाजूचे, म्हणजे गद्दार. "नागरिक" म्हणायचं, बस.

तापात पेरीनचं डोकं तुळतुळीत झालं. शेजारची ओनोरीन रोज येऊन तिला रस्सा भरवायची. ओनोरीनचे केस मधाच्या रंगाचे, कमरेपर्यंत.

पेरीन रस्सा प्यायची आणि केस बघायची.

एका सकाळी पावाच्या रांगेत ओनोरीनच्या तोंडून सवयीनं पहारेकऱ्याला "महाशय" निघून गेलं. रांगेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पेरीन थेट क्रांतीच्या समितीकडे चुगली करायला गेली.

पातं अडकू नये म्हणून कैद्याच्या मानेवरचे केस आधीच कापतात. कपड्याची कॉलरसुद्धा. जल्लादाच्या गड्याशी पेरीनचा सौदा ठरला होता. एक पाव, आणि सगळे केस तिचे.

कैद्यांची गाडी गल्लीतून चौकाकडे गेली तेव्हा ओनोरीन उघड्या मानेनं उभी होती. पेरीनला बघून ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पेरीन, धुवून घे हं. तुरुंगात उवा फार झाल्यात."

पेरीननं त्या केसांचा टोप करून घेतला. मग हळूहळू लक्षात आलं...

टोपाचे केस वाढत होते.

"फुकटचं पीक," म्हणत तिनं वेणी घातली.

मग एका दुपारी, दाराला कडी, घरात ती एकटी... मानेला गार लोखंड टेकलं.

कच... कच...

मागे कुणी नव्हतं. फरशीवर वेणी पडली होती. तिनं मानेमागे हात नेला, तर...

कॉलरही कापलेली.

तिनं टोप उपटायला घेतला. निघेना. टाळूची कातडी ताणली गेली.

ती बाहेर पळाली. माणसांत गेलं की जीव वाचेल असं वाटलं तिला. पण माणसं चौकाकडेच निघाली होती, तिलाही रेटत. "मला जाऊ द्या," ती विनवत राहिली. "घाई कसली, बाई? तुझीही पाळी येईल," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

चौकातला ढोल थांबला. पातं पडलं, कुणा भलत्याच माणसाच्या मानेवर.

खाली गर्दीत पेरीनचं डोकं पुढं कललं...

कललेलंच राहिलं.

गर्दी इतकी दाट की मेल्यावरही ती उभीच होती. एकीनं तर पुढचं नीट दिसावं म्हणून तिच्या खांद्यावर चढून मान उंचावली. पेरीनच्या मानेवर फक्त एक लाल रेघ होती. रक्ताचा थेंब नाही.

टोप मग अलगद निघाला. मी या हातांनी चुलीत घातला. राख झाली त्याची. पुन्हा कुणाच्या डोक्यावर...

"गास्पारकाका."

ओदिल सुरई घेऊन माझ्या मागे उभी होती. आता ती हसत नव्हती.

"जाळला म्हणता. मग तुमच्या डोक्यावर हे मधाच्या रंगाचं काय आहे? काल तर खांद्यावर रुळत होतं. मानेवरचं कुणी कापलं? आणि काका... तुमची कॉलर?"